बिऱ्हाड

लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात मोईझभाईंनी
झाकण उघडून दाखवलं:
दोन जीबी मेमरी, एक बिजागरी ढिली.
म्हणाले, ह्यात आता नवीन काही मावायचं नाही, मॅडम.
मी म्हटलं, भाई, प्रतीक्षानगरला राहते,
संक्रमण शिबिरात, एकशे ऐंशी चौरस फुटांत.
न मावण्याचं मला सांगू नका.

पहिल्यांदा घातलं ते देखणं लिनक्स.
खिडक्या फुलत उघडायच्या, विरघळत मिटायच्या,
प्रत्येकीखाली मऊ सावली.
आणि पंखा असा धापा टाकायचा
की भिंतीपलीकडून कमलिनीबाई विचारायच्या,
एवढ्या रात्री मिक्सर लावलायस?
काही न करता, नुसतं बसून
नऊशे एमबी खायचं ते.
बाबांनी हट्टानं आणलेला शिसवी दिवाण
असाच दारात वळेना,
अकरा महिने पॅसेजमध्ये पडून होता
आणि येणारा-जाणारा त्याला गुडघा ठेचून घ्यायचा.

मग काढत गेले.
सावल्या काढल्या.
हवामान सांगणारं काढलं, दार उघडलं की कळतं.
रात्रभर कपाटं उचकणारा तो शोधक काढला,
माझं काय कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
पीडीएफसाठी एक मिळालं, ना मेनू ना बटण,
फक्त कागद.
शासन निर्णय त्यात उघडला
तरी कळत नाही ते नाहीच, पण लवकर कळत नाही.
ब्राउझर मात्र जावयासारखा,
एकटा आला तरी पाट, चौरंग, रांगोळी.
त्याला कामापुरतं बोलावते
आणि काम झालं की वाटेला लावते.

आता बटण दाबून चहाचं आधण ठेवेपर्यंत
पडदा तयार. काळा, रिकामा.
मेमरी विचारली: दोनशे चाळीस.
मी पुन्हा विचारली, नुसतंच, ऐकायला बरं वाटतं म्हणून.

तिसऱ्या माळ्यावरचा निहार कोलगे खूश.
काकू, अजून हलकं होईल, म्हणाला,
हा एडिटर घ्या, दीड एमबी,
पापणी लवायच्या आत उघडतो.
उघडला.
त्यात आमच्या इमारतीचा अर्ज उघडला,
कचेरीत द्यायचा, एकोणिसाव्या वर्षीचा,
वर ओळ: एकूण बिऱ्हाडे एकशे बारा.

बिऱ्हाडे मोडून पडलेली.
र एकीकडे, पाय लोंबत,
ह त्याच्याशी बोलायला तयार नाही,
ब ची वेलांटी भलत्याच दाराशी उभी.
टेम्पोतून उतरवलेलं सामान
फूटपाथवर पसरावं तसं.
खाली नावं: कुऱ्हाडे, वऱ्हाडकर, गोऱ्हे,
सगळ्यांची तीच गत.

निहार म्हणाला, काकू, आत सगळं बरोबर आहे,
नुसतं दिसत नाही.

खिडकी क्रमांक चारवरचा माणूसही हेच म्हणतो.
नाव यादीत आहे बाई,
नुसतं दिसत नाही.

त्या पोराची काही चूक नव्हती.
त्याला चहा दिला, बिस्किट दिलं,
आणि तो गेल्यावर दुसरा एडिटर घातला, जरा जाडा,
सोबत अक्षरांना अक्षरं जोडणारी लायब्ररी,
आणि एक फाँट. चाळीसेक एमबी सगळं मिळून.
पंख्यानं एकदा घसा खाकरला.
घेतले.
दिवाण विकला तेव्हाही
एक फळी ठेवून घेतली होती मी,
हा लॅपटॉप तिच्यावरच आहे.

रात्री यादी वरून खाली तपासली,
बोट पडद्यावर ठेवून, वाणसामान मोजतात तशी.
कुऱ्हाडे आले. गोऱ्हे आले.
कमलिनीबाई आल्या, त्यांचा मुलगा वेगळा धरून.
एकशे आठला आमची वीज गेली,
लॅपटॉपची बॅटरी बारा मिनिटं टिकते,
मी घाई केली नाही.
एकशे बाराव्यावर बाबांचं नाव, पुढे कंसात कै.
सेव्ह केलं.
अंधारात तेवढं एक पान उजळ,
आणि त्यातलं प्रत्येक बिऱ्हाड
जागच्या जागी.